वरुणेच्या पुलापर्यंत

माझ्या वडिलांनी काशीतल्या शाळेत उभा जन्म इतिहास शिकवला. चुनारचा किल्ला आणि जौनपूरचा पूल ते असे रंगवत, की पोरांना वाटे, मास्तर कालच तिथं जेवून आलेत. प्रत्यक्षात त्यांनी यातलं काहीही पाहिलं नव्हतं! आमचे आजोबा विधुर होऊन कोकणातून काशीला आले ते मरायला. पण मोक्षाची वाट पाहता पाहता त्यांनी भिक्षुकी सुरू केली, दुसरं लग्न केलं आणि घरभर मुलं करून ठेवली. मरणाचा नियम मात्र घरात राहिला. मरण काशीतच यायला हवं, म्हणून म्हाताऱ्या माणसानं बाहेर रात्र काढायची नाही. बाबांना तरुणपणी संसारातून सवड नव्हती, आणि निवृत्त झाल्यावर हा नियम आडवा आला.

डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय. बाबांनी जाहीर केलं, "मग आता पाहूनच घेतो."

मी मित्राची ॲम्बॅसिडर मागून आणली. आई गंगाजळाचा गडू आणि तुळशीची पानं घेऊन मागच्या सीटवर बसली.

"बाहेर काही झालं तर मी काय तोंड दाखवू?"

"कुणाला?" बाबांनी विचारलं.

"मामंजींना!"

"ते केव्हाच मुक्त झाले. तुझ्या तोंडाकडे बघायला आहेत कुठे?"

रामनगरला गंगा ओलांडताना बाबा मला म्हणाले, "अरे, जरा बेतानं. या काठाला मेलेला माणूस पुढच्या जन्मी गाढव होतो म्हणतात. ओझी वाहायला मास्तरकीचा एक जन्म पुरे."

आई हसली नाही. मी मात्र इतका हसलो, की समोरचा एक्का जेमतेम वाचला.

काय सांगू त्या दोन दिवसांचं! बाबा चुनारच्या तटाला हात लावून उभे राहिले, एखाद्या जुन्या विद्यार्थ्याच्या पाठीवर ठेवावा तसा. खाली गंगा वळण घेत होती. "वर्गात मी ही डावीकडे वळवत होतो," ते म्हणाले आणि खूश झाले. मिर्झापूरच्या धर्मशाळेत आई रात्रभर जागीच होती. दुसऱ्या दिवशी भदोहीवरून जौनपूर. गोमतीवरच्या त्या जुन्या पुलावर बाबा टोकापासून टोकापर्यंत चालले, कमानींशी थांबत, अनोळखी माणसांना इतिहास सांगत. एका दुकानदारानं "गुरुजी, बैठिए" म्हणून त्यांना जिलबीसारखी इमरती दिली. ती त्यांनी बोटं चाटत खाल्ली.

"चला आता," आई म्हणाली. "उजेडात पोचू."

"अगं, पाहून झालं सगळं. आता कुठं घाई?"

परतताना ते मागं आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडले. पिंडऱ्याच्या अलीकडे त्यांनी एकदाच "पाणी" म्हटलं. आईनं पाजलं. मी आरशात पाहिलं तेव्हा त्यांचा हात सीटखाली लोंबत होता आणि जबडा सुटला होता. मी ब्रेकवर पाय ठेवला.

"थांबू नकोस," आई म्हणाली. "झोप लागलीय त्यांना."

मी गाडी हाकत राहिलो. आई त्यांच्याशी बोलत होती. "अहो, बाबतपूर गेलं. ऊन उतरलं बघा." तिनं त्यांचा हात उचलून छातीवर ठेवला, तो पुन्हा घसरला, तिनं पुन्हा ठेवला आणि तसाच धरून राहिली.

शिवपूरला मी कसंबसं म्हटलं, "आई, पंचक्रोशीची हद्द लागली. ही काशीच."

"पूल येऊ दे. मामंजी वरुणेच्या आतच काशी मानायचे."

भोजूबीर, कचहरी. एका बैलगाडीमागं आम्ही अडकलो, तर माझा बाप असा पडलेला आणि मी हॉर्न वाजवतोय! मग पूल आला. चाकांखालचा आवाज बदलला, वरुणा मागं पडली, तसं आईनं त्यांच्या ओठांत गंगाजळ घातलं. ते गालावरून ओघळून तिच्या लुगड्यावर आलं. तिनं त्यांचे डोळे मिटवले.

"आत्ता गेले," ती म्हणाली. "पूल ओलांडल्यावर. तू पाहिलंस ना?"

"पाहिलं," मी म्हणालो.

"मग गाडी बाजूला घे."

मी घेतली. तेव्हा कुठं ती हंबरडा फोडून रडली. रस्त्यावरचे लोक धावत आले.