समासातली माणसं

सत्तरच्या दशकात सोलापुरात रस्ता रुंद करायचा होता, म्हणून बाहेरगावच्या एका विद्यापीठाच्या वाहतूक संशोधन केंद्राचा एक माणूस आमच्या नाक्यावर स्टुलावर बसून वाहनं मोजायचा. पेन्सिल जिभेला लावून प्रत्येक ट्रक, सायकल, बैलगाडीची तक्त्यात एकेक रेघ ओढायचा.

मी शाळेत शिकवायला तिथून रोज चालत जाई. एकदा विचारलं, "आम्हाला कुठं मांडता?"

"चालणाऱ्यास्नी रकाना न्हाय की, गुरुजी. मी आपलं समासात मांडतो."

समास रेघांनी काळा झाला होता.

आठवड्याने जीपमधून साहेब आले आणि समास खोडायला सांगून गेले. संध्याकाळी मी परतलो, तरी तो खोडरबर घासतच होता.

"माणसं लई हायेत," कागदावर फुंकर मारत तो म्हणाला. "हात भरून आला."

पुढे रस्ता ऐसपैस झाला. चालायला तेवढी जागा राहिली नाही.