काकाजींचे दीड लिटर

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षी मूत्रसंस्थेच्या तोंडी परीक्षेत मी वर्गात पहिला आलो होतो. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे झालं त्यात माझ्या हुशारीचा मोठा हात आहे.

भंडाऱ्याला आमच्या वॉर्डात सिहोऱ्याकडचे एक धान पिकवणारे काकाजी भरती होते. पाय सुजलेले, किडनीचा संशय. माझं काम एकच: त्यांनी पाणी किती प्यायलं आणि लघवी किती झाली, ते मापून कागदावर लिहायचं. त्यासाठी आकडे छापलेलं प्लास्टिकचं भांडं होतं. पण ते माझ्या हाती द्यायला काकाजी तयार होईनात.

"तुमी शिकलेले पोरं. माहं मूत तुमी उचलाचं, बरं नाई दिसत जी."

मग ते स्वतःच मापून, ओतून यायचे आणि मला तोंडी आकडा सांगायचे. त्यांची लाज राहिली, मी वासातून सुटलो.

एका सकाळी त्यांनी विचारलं, "सुट्टी कवा भेटन? रोवणा आला, धान लावाचं हाये. घरी बुढी एकटी हाये."

मी परीक्षकासमोर बसल्यासारखा ताठ झालो. "दिवसाला दीड लिटर लघवी झाली पाहिजे, काकाजी. मग किडनी ठीक समजायची."

दुसऱ्या दिवसापासून दीड लिटर होऊ लागली. कधी पन्नास मिली कमी, कधी जास्त. इतका सुबक तक्ता वर्गात कुणाचा नव्हता. मी तो मैत्रिणींना दाखवूनही आलो.

चौथ्या दिवशी सिस्टरने काकाजींचं वजन केलं. तीन किलो वाढलेलं. त्यांच्या नडगीवर तिने अंगठा दाबला. पडलेला खड्डा भरेचना.

"अंगात पाणी साचून वजन वाढून राहिलं अन् तू दीड लिटर लिहून राहिला. डोळ्यांनी पाहिलं का एकदा तरी?"

काकाजीच म्हणाले, "त्याले काहून बोलता, बाई? मीच वाढवून सांगत होतो. सुट्टी पायजे होती."

लघवीसाठी नळी घातली. पिशवीत काळ्या चहासारखी घोटभर उतरली. दुपारीच त्यांना नागपूरला हलवलं. गाडीत चढवताना ते मला जवळ बोलावून म्हणाले, "बाबू, तुये मार्क तं नाई कटनार ना?"

नाही म्हणालो. ते खरंच कापले गेले नाहीत.

आठवड्याने त्यांचा मुलगा कागद न्यायला आला. डोकं नुकतंच भादरलेलं. कुणी सांगायची गरज उरली नव्हती. मी गठ्ठा पुढे केला. माझा तक्ता वरच होता. त्याने आकड्यांवरून बोट फिरवलं.

"हे काय हाये जी?"

"लघवीचं माप."

"मंग इथं तं बाबाले चांगली होत होती."

मी हो म्हणालो.