मऊ खजुरासाठी नागपूर

नागपूर स्टेशनवर उतरले तेव्हा सकाळचे दहा वाजले होते आणि मी आधीच भांडायच्या तयारीत होते. मिरजेहून एवढा लांबचा प्रवास मी काही संत्री खायला केला नव्हता. आमच्या गावातल्या आम्ही सात जणी मुलींच्या एका वसतिगृहाला खजुराचे लाडू पुरवतो. गेल्या खेपेला नागपूरहून मागवलेल्या खजुरात अळी निघाली आणि अधीक्षकबाईंनी सगळे लाडू परत पाठवले. पुन्हा असं झालं तर काम बंद, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. म्हणून या वेळी व्यापारी बदलला आणि माल ट्रकमध्ये चढायच्या आधी स्वतः बघायचा ठरवला. ट्रक चार वाजता सुटणार होता.

अमरावती रस्त्यावर वाडीपर्यंत रिक्षा केली. दोन्ही बाजूंना गोदामं, ट्रकांच्या रांगा आणि धूळ.

“गोदामात काहून (का) जाऊन राहिल्या, ताई?” रिक्षावाल्याने विचारलं.

“खजूर बघायला.”

“खजूर तं बर्डीच्या बाजारात बी भेटते ना!”

गोदामाबाहेरच्या गाडीवर तर्रीपोहे खाल्ले. आम्ही सांगलीकडची माणसं, आम्हाला काय तिखटाचं कौतुक, अशा तोऱ्यात जास्तीची तर्री मागून घेतली आणि डोळ्यांतून पाणी काढलं. गाडीवाल्याने न मागता पाण्याचा ग्लास पुढे केला.

आतल्या थंड खोलीत साठ पेट्या मांडलेल्या होत्या. मालक म्हणाले, “सुमनताईनं पास केलं म्हणजे एक नंबर. मग तुम्ही बी पाहायची गरज नाही.”

सुमनताई पन्नाशीच्या. हुडकेश्वरहून रोज दोन रिक्षा बदलून येतात आणि वीस वर्षं खजूर निवडतात. बुटक्या स्टुलावर बसून त्या एकेक पेटी उघडत होत्या. आधी रंग बघायच्या, मग साल. साल फुगून सुटलेली असेल तर पेटी बाजूला. नंतर अंगठ्याने दाबायचं, दोन बोटांत धरून फोडायचं, आत निरखायचं आणि अर्धा तुकडा तोंडात टाकायचा.

एका खजुरावर पांढरे ठिपके दिसले आणि मी तो उचलला.

“बुरशी?”

“नाही वं. हे साखर वर आली. कोमट पाण्यात टाक, विरघळून जाते.” मग त्यांनी दुसरा फोडून दाखवला. आत काळी भुकटी होती. “हे पाहा, ही बुरशी. हे घ्याचं नाही.”

मी भारावून गेले. माझं भांडण जागच्या जागी विरलं. अळी शोधावी तर या बाईंनीच.

पण संशय माझ्या स्वभावातच आहे. त्या पाणी प्यायला उठल्या तेव्हा ‘मऊ’ म्हणून पास केलेल्या पेटीत मी बोट घातलं. खजूर कडक. शेजारची पेटी मऊ होती, तिसरी पुन्हा कडक. कडक खजूर पाणी घातल्याशिवाय वाटला जात नाही आणि पाणी घातलं की लाडू चार दिवसांत आंबतो. घड्याळात दीड वाजला होता.

तेवढ्यात चहा आला. स्टीलचा पेला मी पदराने धरला तरी हात भाजला. सुमनताईंनी तसाच पेला उघड्या मुठीत धरला आणि निवांत गप्पा सुरू केल्या. त्यांच्या अंगठ्यावर एक जुना फोड होता. साखरेच्या आजाराने माझ्या सासऱ्यांच्या हातांचं असंच झालं होतं.

“सुमनताई, हाताला मुंग्या येतात का?”

“येते कधी कधी. उमर झाली.”

“साखर तपासलीत?”

त्या चिडल्या. “मले काहून शिकवून राहिली तू? मी चहाबी बिनसाखरेचा पेतो. दिवसभर खजूर खातो, पण ते औषध आहे. देवानं घातलेली साखर बाधत नाही.” (इकडे बायकाही ‘खातो’, ‘पेतो’ म्हणतात.)

लाडवांच्या पुड्यावर ‘नैसर्गिक गोडवा, मधुमेहींनाही चालेल’ हे वाक्य मी स्वतः लिहिलं होतं. खजुरात तंतू असतात, थोडंफार लोह असतं, हे खरं. पण त्याचा मोठा भाग साखरच असतो, हे माहीत असून लिहिलं होतं. मला माझीच शरम वाटली.

अडीचला मालक आले. “भरायची का गाडी? पक्कं ना, ताई?”

खरं बोलले तर या बाईंची वीस वर्षांची जागा जाणार. गप्प बसले तर आम्हा सात जणींचं काम जाणार.

“मी... मी पेट्या पुन्हा एकदा दाबून बघते,” मी कशीबशी म्हणाले.

मालकांच्या कपाळाला आठी पडली. “सुमनताईनं पाहिलं ना!”

सुमनताई स्टुलावरून उठल्या. मग म्हणाल्या, “पाहू द्या तिले, मालक. माह्या बोटाले समजत नाही आता. सा महिने झाले. मी रंगावरून सांगून राहिली.”

“मंग सांगतलं काहून नाही?”

“सांगतलं असतं तं घरी बसवलं असतं तुम्ही.”

मालकांनी त्यांच्या हातांकडे बघितलं. मग दारातल्या ड्रायव्हरला ओरडून म्हणाले, “गाडी थांबव गा!”

पुढचे दोन तास आम्ही दोघी शेजारी बसलो. दाबायची मी, फोडून आत बघायच्या त्या. चाखायलाही मीच. एकवीस पेट्या बदलाव्या लागल्या. पाच वाजता ट्रक गेला आणि मालकांनी आम्हाला जवळच्या दवाखान्यात सोडलं.

डॉक्टरीणबाईंनी साखर तपासली, आकडा बघितला आणि म्हणाल्या, “चप्पल काढा.”

डाव्या टाचेत खोक्याची पिन रुतलेली होती. पूर्ण आत. भोवतालचं मांस काळपट झालेलं. किती दिवसांपासून, ते सुमनताईंना सांगता येईना. त्या आपल्याच पायाकडे परक्याचा असल्यासारख्या बघत होत्या. मी त्यांचा हात धरला. पिन काढून जखम खरवडली तरी त्यांच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही.

“पाय वाचेल ना?” मी विचारलं.

“लवकर आल्यात की नाही, ते चार-पाच दिवसांत कळेल. दुखायला लागला तर चांगली खूण,” बाई म्हणाल्या.

मिरजेला परतले. लाडू झाले, वसतिगृहात गेले. अधीक्षकबाईंनी एक फोडून बघितला, खाल्ला आणि पुढची मागणी दिली. पुड्यावरच्या त्या वाक्यावर आम्ही सात जणींनी बसून काळी शाई फिरवली. बाकीच्या सहा जणी कुरकुरल्या, मी ऐकलं नाही. पण माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. माल चांगला आणायला गेले होते आणि आला होता, तरी फोन वाजला की हातातला लाडू टाकून धावायचे.

पाचव्या दिवशी फोन आला. पलीकडे सुमनताई हसत होत्या की रडत होत्या, कळेना.

“ताई, ऐक ना वं! आज पट्टी बदलली तं पाय लय दुखून राहिला!”