मलप्रभेच्या तळातले दगड

दहा मिनिटं गप्प उभं राहा म्हटलं की माझ्या पायांना मुंग्या येतात, आणि अप्पांची नदीतपासणी म्हणजे नुसतं उभं राहणं. म्हणून इतकी वर्षं टाळलं. यंदा टळलं नाही. धारवाडच्या मळमड्डीत राहणारे माझे अप्पा निवृत्त विज्ञानशिक्षक. दरवर्षी दिवाळीनंतर मलप्रभेवर तीन ठरलेल्या जागी ते दगडाखालचे किडे मोजून वहीत लिहितात. आता मोतीबिंदू झालाय, मंगळवारी ऑपरेशन.

"वहीत एक वर्ष कोरं नाही, सुमे," ते म्हणाले. "यंदा डोळे तुझे."

रविवारी साडेसहाला धारवाड सोडलं. जाणार असाल तर चारचाकीच न्या; सौंदत्तीच्या पुढे दुचाकीवर कंबर धरते. पहिली जागा मुनवळ्ळीजवळ. नदीत दगडांच्या खालच्या अंगाने उतरायचं, पाणी निवळेपर्यंत दहा मिनिटं हलायचं नाही, मग एकेक दगड उलटून त्याला चिकटलेले तीन शेपट्यांचे बारीक किडे मोजायचे. पाणी बिघडलं, नुसतं गढूळ झालं तरी सगळ्यांत आधी हेच जातात. मोजून झालं की दगड होता तसा ठेवायचा. "कुणाचं तरी घर आहे ते," अप्पांचं वाक्य. तेवीस निघाले. अप्पा खूष, मी मात्र तीनदा घड्याळ बघितलं.

रामदुर्गला दुसरी जागा, किडे अकरा. तिथे खानावळीत जोळद रोट्टी, भरली वांगी, शेंगाचटणी. शंभराच्या आत पोट तुडुंब. अप्पा सावकाश ताक पीत बसले आणि मी गाडीची किल्ली फिरवत दारात.

तिसरी जागा रोणच्या बाजूला, आमच्या हुबळी-धारवाडकडचं पाणी घेऊन येणारा बेण्णीहळ्ळ ओढा मलप्रभेला मिळतो त्याच्या जरा खाली. अप्पांचा जीव इथेच अडकलेला. "इथे ते आहेत तोवर आपल्या गावाला तोंड दाखवायला जागा आहे," असं ते म्हणतात.

ते काठी टेकत उतार उतरेपर्यंत मला कुठला धीर! नदी दिसली की आधी पाय धुवायचे ही आईने लावलेली सवय. मी वरच्या अंगाने सरळ पाण्यात शिरले, पाय खळाखळा धुतले, डोळ्यांना पाणी लावलं. खाली कपडे धुणारी बाई ओरडली, "अक्का, नीर राडी आत नोड्री!" बघितलं तर खरंच, गढूळ लोट अप्पांच्या दगडांवरून चालला होता. मी हसून हात हलवला.

अप्पा पोचले. "पाणी निवळ आहे ना?"

"आहे," मी म्हटलं. दहाऐवजी चारच मिनिटं थांबले असेन. पंधरा दगड उलटले.

"किती ग?"

"एकही नाही, अप्पा."

"परत बघ." परत बघितलं. अप्पा काठावर बसले, चाचपत वही मिटली. "बरं झालं, मला दिसत नाही ते."

गप्प राहिले असते तर त्यांना कधीच कळलं नसतं. मेलेली नदी मनात घेऊन ते ऑपरेशनला गेले असते.

"अप्पा, मी वर पाय धुतले. पाणी गढूळ झालं होतं."

"मग निवळ का म्हणालीस?"

"घाई झाली होती."

"आता हे शून्य नदीचं की तुझ्या पायांचं, कसं कळायचं?" ते चिडलेच. मग वही माझ्या पुढ्यात टाकली. "लिही. आज मोजणी झाली नाही. का, तेही लिही. दगड आज ढवळून झालेत; आठ दिवसांनी ये, एकटीच."

"एकटी? आज असं करूनही?"

"कबूल केलंस की. चाळीस वर्षं शाळेत प्रयोग घेतले, आपली चूक आपल्या तोंडाने सांगणारं पोर विरळाच."

नवलगुंदवरून परत येताना वाटेत कुठेच थांबलो नाही.

ऑपरेशन नीट झालं. मला मात्र ती मिटलेली वही दिसत राहते. मुनवळ्ळीचे तेवीस, रामदुर्गचे अकरा, आणि खाली माझ्या अक्षरातली ती लाजिरवाणी ओळ. रविवार जवळ येतोय. म्हणून रोज सकाळी अप्पांच्या गॅलरीत दहा मिनिटं न हलता उभी राहते. काल सात मिनिटं जमलं. आज नववं संपत आलं होतं, माशी बसली म्हणून पाय झटकला, पैंजण वाजलं.

आतून, एका डोळ्यावर पट्टी बांधून पडलेले अप्पा म्हणाले, "हललीस. आता परत पहिल्यापासून."