भट्टीच्या धुरातलं रान

चार फॉरेस्टवाले जमले की वाघाचेच किस्से निघणार, असं लोकांना वाटतं. आमच्या चांदा जिल्ह्यातल्या रेंज ऑफिसात मात्र साठले ते एका भट्टीचे! पन्नास-पंचावन्न सालची गोष्ट. रानाच्या कडेला दगडी कोळसा भाजायची भट्टी लागली, आणि दर आठवड्याला काहीतरी नवीन ऐकायला यायचं.

*

पुण्याहून नवे रेंजरसाहेब आले. पहिल्याच राउंडला गार्डवर कडाडले, "झाडांना डांबर फासायची ऑर्डर कोणी दिली?"

"डांबर नाई साहेब, धूर हाये. बोट लावून पाहा."

साहेबांनी बोट लावलं. मग तेच बोट नाकाला लावलं. दिवसभर त्यांना सांगायची कोणाची टाप नव्हती!

*

रहीमभाई तेंदूपत्त्याचे ठेकेदार. पानांचा पुडा हातात घेतला, तर तळवा काळा! पुडा परत टाकत म्हणाले, "अरे बाबा, ही बिडी तर कोणी आधीच पिऊन टाकली!"

आम्ही पोट धरून हसलो. पण त्या बाजूचं एकही पान त्यांनी घेतलं नाही, तेव्हा हसू जिरलं.

*

मोहफुलांचा सडासुद्धा काळा पडला. रेंजरसाहेबांनी वेचणाऱ्या म्हातारीला विचारलं, "बाई, खायला चालतील ना ही?"

"अस्वल बी थुकून गेलं, साहेब. तुमी खाऊन पाहा!"

*

तुळशीराम आमचा चौकीदार. ऐनाच्या झाडांवर कोसा रेशमाचे किडे पाळायचा, त्यावरच त्याचं घर चाले. किडे झाडावर असेपर्यंत पाळणूक कडक. मटण नाही, दाढी नाही, नवरा-बायकोचं अंथरूण वेगळं. पाळणूक मोडली की किडे मरतात, ही पक्की समजूत.

त्या साली किडे पटापट गळाले. झाडाखाली पाय ठेवायला जागा नाही! आणि या बाबानं काय करावं? "तुनंच पाळणूक मोडली," म्हणत बायकोला, जनाबाईला, गोंडपिपरीला माहेरी धाडलं!

ऐकून मी हादरलोच. त्याला हाताला धरून झाडाखाली नेलं, ऐनाचं पान तांब्यात बुडवून चोळलं. पाणी काळंकुट्ट.

"हे खाऊन राह्यले होते माह्ये किडे?" एवढं बोलला आणि तसाच गोंडपिपरीच्या वाटेला लागला.

दुसऱ्या दिवशी तो जनाबाईला घेऊन आला. वाटेत तिला सगळं सांगितलं होतं. ती घरात शिरली नाही. गाठोडं अंगणात ठेवलं, समोर धूर ओकणाऱ्या भट्टीकडे हात केला आणि आम्हा सगळ्यांदेखत नवऱ्याला म्हणाली,

"मले तं माहेरी धाडलं. आता हिले कोनाच्या माहेरी धाडता?"