हूव्हर लिहिणारी सून

सासरा प्राध्यापक आणि सून त्याच्याच वर्गात, हा योग कुणाच्या वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये. पण धाकट्या सुनेच्या कपाळी तो आला. पदवीचे पेपर लग्नाच्या गडबडीत राहिले होते आणि गावात कॉलेज एकच. एका शाळेने तिला नोकरीला हो म्हटलं होतं. आधुनिक अमेरिकेचा इतिहास तेवढा सुटला, की झालं.

तो विषय सासरे शिकवत. शिकवत म्हणजे काय, पिवळ्या पडलेल्या नोट्स सांगत आणि पोरं मान खाली घालून उतरवत. पेपर तेच तपासत आणि मार्क मिळत नोट्समधल्या वाक्यांना. पोरांनी त्यांचं नाव ‘डिक्टेशन’ ठेवलं होतं, आणि ते काही चुकीचं नव्हतं.

नोट्समध्ये होतं, एकोणतीसच्या महामंदीत शेअरबाजार कोसळला तेव्हा रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष होते. सुनेने लायब्ररीतली दोन पुस्तकं काढून पाहिली. तेव्हा हूव्हर होता. रूझवेल्ट त्याच्यानंतर आला. परीक्षेत तिने हूव्हर लिहिला, का-कसं ते सविस्तर मांडलं. निकाल लागला. अख्ख्या उत्तराला शून्य, शेजारी लाल शाईत शेरा: ‘नोट्सप्रमाणे नाही.’ तेवढ्यानेच ती नापास झाली. रूझवेल्ट लिहिणारी सगळी पोरं पास.

ती फेरतपासणीचा अर्ज घेऊन घरी आली. त्यावर विभागप्रमुखाची सही लागत होती, आणि विभागप्रमुख समोर चहा पीत बसले होते.

“सही करा, बाबा.”

“घरच्या माणसाने घरच्याची तक्रार करायची? लोक तोंडात शेण घालतील.”

नवरा वर्तमानपत्रात डोकं खुपसून बसला. बापापुढे त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. सुनेला दोघांचाही सारखाच संताप आला.

“दोन पुस्तकं काढून दाखवते. हूव्हरच होता.”

“माहीत आहे मला,” सासरे शांतपणे म्हणाले. “फार जुनी चूक आहे ती. पण माझ्या लक्षात येईतो कित्येक पोरं त्याच नोट्सवर मास्तर झाली होती. आता चूक झाली म्हणून सांगायला कुणाकुणाच्या दारात जाऊ?”

“म्हणजे पेपर तपासताना तुम्हाला माहीत होतं?”

“होतं. शिस्त म्हणून काही चीज आहे की नाही?”

तिच्या अंगाची लाहीलाही झाली. इतके दिवस तिला वाटत होतं, म्हातारा अडाणी आहे. अडाण्याचं एक वेळ पोटात घालता येतं.

“चुकून शून्य दिलं असतंत तर गिळलं असतं मी,” ती म्हणाली. “तुम्ही जाणूनबुजून दिलंत.”

सासऱ्यांनी अर्ज बशीखाली सरकवला आणि आणखी अर्धा कप चहा मागितला. तिने दिला नाही. सही झाली नाही, मुदत टळली आणि शाळेने दुसरी बाई घेतली. त्या दिवसापासून ती सासऱ्यांशी बोललेली नाही, आणि वर्गात ते अजून रूझवेल्टच सांगतात.