सरपंचांची दुसरी मतपत्रिका

सरपंचांनी अख्खी हयात न्यू जर्सीत काढली, पण इथे एकदाही मत दिलं नाही. विशीच्या आत इटलीहून आलेला हा माणूस. इथे त्यांनी फरशा बसवण्याचा धंदा उभा केला, घर घेतलं, मुलगी वाढवली, इमानाने टॅक्स भरला आणि शेवटपर्यंत ग्रीन कार्डवरच राहिले. नागरिकत्व का घेतलं नाही, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, आमच्या काळी इथलं नागरिकत्व घेतलं की तिकडचं जायचं, आणि तिकडचं गेलं की गावचं मत गेलं. अमेरिकेचा अध्यक्ष कोण होतो याचं त्यांना फारसं सुखदुःख नसे. गावच्या नगरपालिकेत कोण बसतं याचं मात्र भयंकर असे. त्यात इटलीचा कायदा असा, की देशाच्या निवडणुकीचं मत परदेशातून टपालाने देता येतं, पण गावच्या निवडणुकीला स्वतः जावं लागतं. त्यामुळे दर पाच वर्षांनी सरपंच कोट इस्त्री करून विमानात बसत, मत देत आणि परत येत.

त्यांचं खरं नाव दोमेनिको. सरपंच हे नाव श्रीकांतने, म्हणजे माझ्या नवऱ्याने ठेवलं. वेस्ट विंडसरच्या आमच्या रस्त्यावर बहुतेक घरं देशी, आणि आमच्या शेजारीच हे एक इटालियन. पहिल्यांदा ते घराची किल्ली द्यायला आले आणि कुठे निघालो ते सांगून गेले, तेव्हा श्रीकांत दार लावून मला म्हणाला, "यार, एका मतासाठी ॲटलांटिक क्रॉस करायचा? काय सरपंच व्हायचंय का यांना?" त्या दिवसापासून आमच्या घरात ते सरपंच झाले. पुढे आमची मुलगी मही त्यांना तोंडावरही सरपंच म्हणू लागली. अर्थ समजल्यावर ते इतके खूश झाले, की त्या वर्षी त्यांच्या झाडाचे पहिले अंजीर आमच्याकडे आले.

मला त्यांच्या त्या एवढ्या लांबच्या विमानप्रवासाचं नवल वाटलं नाही. माझं माहेर कराडजवळचं. ग्रामपंचायतीला आमचे चुलते उभे राहिले, की पुण्यामुंबईचे सगळे चुलतभाऊ जीप करून गावात हजर. न येणाऱ्याचं नाव पुढची पाच वर्षं निघे. हे मी सरपंचांना सांगितलं, तर ते कुंपणाला टेकून अर्धा तास चुलत्यांची निवडणूक विचारत बसले. कोण फुटलं, कोण ऐन वेळी आजारी पडलं, सगळं. माझी मुलगी काय शिकते हे त्यांनी पुढे कितीतरी महिन्यांनी विचारलं.

त्यांची भावकी म्हणजे धाकटा भाऊ नीनो. गावात वर्षानुवर्षं उजव्या, जुन्या वळणाच्या पक्षांची आघाडी सत्तेवर होती आणि नीनो त्या आघाडीचा नगरसेवक. देव, घर आणि पूर्वजांची माती, असा त्यांचा प्रचार. सरपंचांना तो मनापासून पटे. तिथे मतपत्रिकेवर पेन्सिलीने फुली मारायची आणि आपल्या नगरसेवकाचं नाव स्वतःच्या हाताने लिहायचं. हे सांगताना ते हवेत नाव लिहून दाखवत. नाव भावाचं, म्हणजे आडनाव स्वतःचंच. "सिन्योरा, आमच्या बापाला सही येत नव्हती," ते म्हणत. सिन्योरा म्हणजे बाईसाहेब. "मी त्याचं नाव सरकारी कागदावर लिहून येतो."

माणूस चांगला होता, पण सोपा नव्हता. त्यांची एक रीत होती. कुणाविरुद्ध काही करायचं, तर आधी त्याच्या दारात जाऊन त्याला सांगायचं. एका शनिवारी सकाळी बेल वाजली. सरपंच दारात, हातात टोपी. म्हणाले, "सिन्योरा, तुमची बागेतली शेड माझ्या हद्दीत आलीय. सोमवारी मी टाउनशिपच्या कचेरीत तक्रार करणार आहे. तुम्हाला दुसऱ्याकडून कळायला नको." मी इतकी चक्रावले, की त्यांना चहा विचारला. त्यांनी तो घेतला, आल्याचं कौतुक केलं, आणि सोमवारी खरोखर तक्रार केली. शेड हलवावी लागली. हलवायला तेच आले, स्वतःची पहार घेऊन. मही म्हणाली, "आई, ही इज सो वीअर्ड." मला मात्र तेव्हापासून या माणसाची भीती वाटेनाशी झाली.

थंडी सुरू झाली की ते अंजिराचं झाड गोणपाटात गुंडाळून वर बादली पालथी घालत. दुसऱ्या टोकाला दोर धरायला श्रीकांत. मी त्याच सुमारास माझा कढीपत्ता घरात घेत असे. सरपंच माझ्या कुंडीकडे बघून मान डोलावत. या झाडाचं इथे काही काम नाही हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं, आणि तो विषय आम्ही काढत नसू.

त्यांच्या बायकोला मी पाहिलं नाही. तेरेसा आम्ही येण्याआधीच गेली होती. उन्हाळ्यात गावी गेलेली असताना तिथेच अचानक गेली आणि तिथल्याच टेकडीवरच्या दफनभूमीत, सासूच्या शेजारी तिला पुरलं. तिच्या पलीकडची जागा सरपंचांची. लीसाला, त्यांच्या मुलीला, आई इतकी लांब असणं सोसत नसे. सरपंच तिला समजावत, की मीही शेवटी तिथेच जाणार आहे, ती एकटी राहणार नाही. निवडणुकीला जाण्यात ही दुसरी ओढ असे. मत द्यायचं आणि मग टेकडी चढून तेरेसाला निकालाचा अंदाज सांगून यायचं.

एका निवडणुकीहून ते परत आले ते जरा हिरमुसलेले. आघाडी जिंकली होती, नीनो उपनगराध्यक्ष झाला होता, पण टेकडीवर जाणं झालं नव्हतं. पावसाने दरड कोसळून वाट बंद आहे, असं नीनो म्हणाला होता. सरपंचांनी तेरेसासाठी घेतलेली फुलं त्याच्याकडे दिली. वाट झाली की वाहतो, असा त्याने शब्द दिला. मी म्हटलं, जाऊ दे, पुढच्या वेळी. तेही तसंच म्हणाले.

दरड कोसळलीच नव्हती. हे त्यांना पुढच्या वर्षी कळलं. गावचा एक जुना वर्गमित्र फोनवर बोलता बोलता सहज म्हणून गेला, तुमच्या लोकांना भिंतीतली जागा तरी बरी मिळाली. कसली भिंत, म्हणून सरपंचांनी विचारलं, तेव्हा सगळं बाहेर आलं. नगरपालिकेने टेकडीवर गाड्या लावायला जागा केली होती. त्यासाठी जुन्या कबरींच्या रांगा उकरल्या आणि अस्थी छोट्या पेट्यांत घालून मागच्या भिंतीतल्या कोनाड्यांत ठेवल्या. ठराव आघाडीचा. तेरेसाच्या आणि आईच्या बाबतीत घरचा माणूस म्हणून संमती दिली होती नीनोने. हे सगळं निवडणुकीच्या आधी उरकलं होतं. म्हणजे सरपंच मत द्यायला गेले तेव्हा तेरेसा तिच्या जागी नव्हतीच. भावाने त्यांना मतदानाच्या खोलीपर्यंत हाताला धरून नेलं होतं आणि टेकडीवर जाऊ दिलं नव्हतं.

हे ते मला आमच्या स्वयंपाकघरात बसून सांगत होते. मी पोळ्या लाटत होते, ते लाटणं तसंच हातात राहिलं. ते रडले नाहीत, त्यांचा आवाजही चढला नाही. एवढंच म्हणाले, "सिन्योरा, त्याने विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. पण मत त्यालाच दिलं असतं." मला नीनोचा असा राग आला, की तो समोर असता तर मी काय बोलले असते कुणास ठाऊक. मी पाहिलेला माणूसही नव्हता तो. पण घरातला माणूस घरातल्या माणसाला फसवतो तेव्हा ते ऐकणाऱ्यालाही लागतं.

पुढच्या निवडणुकीला ते जाणार नाहीत, असं आम्हाला वाटलं होतं. पाय दुखत होते, श्वास लागत होता, लीसा नको म्हणत होती. ते गेले. जायच्या आधी माझ्यासमोर नीनोला फोन लावला. मला इटालियन कळत नाही, पण बोलणं फार थोडं होतं. फोन ठेवून त्यांनी मला सांगितलं, की या वेळी मी तुझ्याविरुद्ध मत द्यायला येतोय आणि तुझ्या घरी उतरणार नाही, हे त्याला कळवलं. मी विचारलं, तो काय म्हणाला. म्हणाले, विचारत होता की मी थट्टा करतोय का.

मतदानाच्या खोलीत काय झालं ते त्यांनी परत आल्यावर सांगितलं, आणि दोनदा सांगितलं, जसं काही स्वतःलाच खात्री नव्हती. आडोशामागे गेले, पेन्सिल घेतली. आघाडीवर फुली मारायची नाही हे ठरलेलं होतं, ती त्यांनी विरोधकांवर मारली. मग पुढच्या रेघेवर विरोधकांच्या उमेदवाराचं, गावच्या औषधवाल्याच्या मुलीचं नाव लिहायचं होतं. हाताने आडनाव लिहिलं ते स्वतःचं. सवयीने, एका दमात, बापाचं नाव लिहून मोकळा झाला. अशी मतपत्रिका कुणाच्याच कामाची नव्हती.

ते तसेच बाहेर येऊ शकले असते. पेटीत टाकली असती तर कुणाला काही कळलं नसतं. पण ते टेबलापाशी गेले आणि चूक झाली, दुसरी द्या, म्हणाले. कायद्याने तसं मागता येतं. टेबलामागे ओळखीचीच माणसं, बाजूला नीनोची माणसं. या माणसाने आयुष्यभर एकच नाव लिहिलंय हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. ते नाव लिहिताना त्याची चूक होण्यासारखी नव्हती, म्हणजे या वेळी त्याला दुसरंच नाव लिहायचं होतं. सरपंच म्हणाले, कुणी माझ्याकडे बघेना. दुसरी मतपत्रिका घेऊन ते पुन्हा आत गेले आणि शाळेतल्या मुलासारखं एकेक अक्षर काढत औषधवाल्याच्या मुलीचं नाव लिहून आले.

मतदान दुसऱ्या दिवशीही होतं. तोवर दोमेनिकोने दुसरी मतपत्रिका मागितली हे गावभर झालं. आघाडी पडली. त्यांच्यामुळे पडली असं मी म्हणणार नाही, तेही म्हणत नसत. ज्यांच्या ज्यांच्या घरची माणसं त्या रांगांमधून उचलली गेली होती, ते सगळेच मनातून आघाडीवर चिडलेले होते. कुणी बोलत नव्हतं इतकंच. नीनोला त्याच्या स्वतःच्या गल्लीत मतं मिळाली नाहीत.

श्रीकांतने किल्ली परत देताना त्यांचं अभिनंदन केलं. सरपंचांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो बिचारा किल्ली हातात देऊन परत फिरला. आणि खरंच, त्यांना काय मिळालं होतं? निवडून आलेल्यांना ते भेटले. तेरेसाला पुन्हा मातीत, आईशेजारी ठेवा, एवढंच मागणं. ज्या बाईचं नाव त्यांनी जुळवून जुळवून लिहिलं होतं, ती फार गोड बोलली. विचार करू म्हणाली. काही महिन्यांनी कळलं, की गाड्यांची जागा नव्या लोकांनाही सोयीची वाटते आणि ती तशीच राहणार. ते कळलं त्या दिवशी सरपंच अंगणात खुर्ची टाकून बसले ते थंडी पडली तरी उठले नाहीत. मी शाल नेऊन दिली. आता अमेरिकेचं नागरिकत्व घेऊन टाका, असं मी उगाच काहीतरी बोलायचं म्हणून बोलले. ते म्हणाले, "घेऊन कुणाला मत देऊ?"

मग लीसाने खटपट करून तेरेसाची पेटी इकडे आणवली. आमच्या घरापासून थोड्याच अंतरावर जागा घेतली. पुरण्याच्या वेळी सरपंच, लीसा, आम्ही तिघं आणि पाद्री, एवढेच होतो. इतकी वर्षं ज्या गावासाठी त्यांनी हा देश आपला मानला नाही, त्या गावातून बायकोला उचलून ते इथे घेऊन आले होते. मला वाटलं, आता तरी काही बोलतील. त्यांनी फक्त माती सारखी केली, फरशीखाली करत असतील तशी, तळहाताने.

त्यानंतर ते वर्षभर होते. गावच्या गोष्टी संपल्या. चुलत्यांचं काय चाललंय हेही विचारेनासे झाले. या मार्चमध्ये गेले, झोपेतच. लीसाने त्यांना तेरेसाशेजारी ठेवलं.

एप्रिलमध्ये एका दुपारी बेल वाजली. दारात एक म्हातारा, अंगात भारी कोट, बरोबर लीसा. ओळख करून द्यायची गरजच नव्हती, कपाळ तेच होतं. नीनो आयुष्यात पहिल्यांदा अमेरिकेत आला होता. मी त्याला आत बसवलं, पाणी दिलं. तो इटालियनमध्ये बोले आणि लीसा मला सांगे. तो बराच वेळ खिडकीतून शेजारच्या बंद घराकडे बघत राहिला. मग त्याने लीसाला काहीतरी विचारायला सांगितलं. ती आधी तयार होईना.

"शेवटी शेवटी बाबा त्याच्याबद्दल काही बोलायचे का, असं विचारतोय," ती म्हणाली. "तुमच्याकडे ते रोज यायचे, म्हणून."

आपल्याकडे अशा वेळी काय बोलायचं ते ठरलेलं असतं. तुमची फार आठवण काढायचे, असं म्हणायचं आणि चहा टाकायला उठायचं. वयस्कर माणूस, समुद्रापलीकडून आलेला. वाक्य माझ्या ओठांवर होतं. लीसाही डोळ्यांनी तेच म्हणत होती.

"नाही," मी म्हटलं. "तुमचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही."

लीसाला ते इटालियनमध्ये सांगावं लागलं नाही. नीनोने मान हलवली, पेला खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून माझ्या सोफ्यावर ओक्साबोक्शी रडू लागला. मी त्याच्या शेजारी जाऊन बसले नाही. मला त्याची दया येत होती, पण मी माझ्या जागेवरून उठले नाही.